सुरतेचे डॉक्टर वाडिया आणि मज्जातंतूंचा फितूर

सुरतेतील नवागामच्या गल्ल्यांतून आज जी अहिराणी कानी पडते, ती उधना-जळगाव लोहमार्गाने पोटापाठी आलेल्या खानदेशी कुटुंबांची. परंतु ज्या सुरतेने या मंडळींना मागावर रोजगार दिला, तिच्याच पारशी कारागिरांनी पूर्वी मुंबईचा रस्ता धरला होता, आणि त्यांपैकी लवजी नसरवानजी वाडिया 1736 साली तेथे जहाजे बांधण्याच्या कामावर रुजू झाले होते.

त्याच आडनावाचे डॉ. नोशीर होरमसजी वाडिया 1925 साली सुरतेत जन्मले. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात व पुढे लंडनला शिकून परतल्यावर त्यांनी 1957 साली जे. जे. रुग्णालयात मज्जाविकारांचा विभाग उभा केला. अंगावरून वारे गेलेला माणूस त्या काळी अंगारे, मालीश आणि देवऋषी यांचे उंबरे झिजवून मगच सरकारी खाटेवर येई. त्या खाटेशेजारी बसून केलेले निरीक्षण हेच वाडियांचे मुख्य भांडवल होते. 1971 साली मुंबईत डोळ्यांची साथ आली व डोळे निवळल्यानंतर काही जणांचे पाय लुळे पडू लागले, तेव्हा या दोहोंचा संबंध ओळखून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 1972 साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. तेथे अपराधी बाहेरचा होता, विषाणू होता.

मल्टिपल स्क्लेरोसिसची गोष्ट निराळी. किल्ल्याच्या रक्षणार्थ ठेवलेल्या शिबंदीनेच आतील रयतेवर हत्यार धरावे, तशी या व्याधीत शरीराची संरक्षणव्यवस्था मज्जातंतूंवरील मायलिनचे आवरण कुरतडते. एखादा डोळा अंधुक होतो, पायांना मुंग्या येतात, तोल जातो, सारे काही निवळते आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा उचल खाते. हा विकार थंड मुलखांतील गोऱ्या लोकांचा, हिंदुस्थानात तो जवळजवळ नाहीच, असे विलायती ग्रंथांचे मत होते, आणि ग्रंथात नाही ते रुग्णात कशाला शोधा, अशी आपल्याकडील वृत्ती, जी अद्याप पुरती गेलेली नाही. डॉ. नदीर भरुचा व सहकाऱ्यांनी 1988 साली, तर वाडिया व भाटिया यांनी 1990 साली पारशी समाजातील गणना प्रसिद्ध केली, तेव्हा लाखामागे वीसहून अधिक रुग्ण आढळले. हे प्रमाण इतर भारतीयांच्या तत्कालीन अंदाजाहून कितीतरी पटींनी मोठे होते. हवा तीच, पाणी तेच, मुंबईचा पावसाळाही तोच. मग ही तफावत कोठून आली? इराण सोडून हजार वर्षे लोटली तरी या समाजाने विवाहसंबंध आपल्यातच राखले, तेव्हा वाडवडिलांकडून आलेल्या प्रवृत्तीकडे संशयाचे बोट वळणे स्वाभाविक होते. केवळ थंडीवर दोष ठेवून मोकळे होण्याची सोय मात्र त्यानंतर उरली नाही.

पुढे एम.आर.आय. यंत्रे आली आणि पारशीतर रुग्णही अधिक संख्येने सापडू लागले, त्यावरून पूर्वीची दुर्मीळता काही अंशी निदानाच्या दुर्मीळतेची होती असे म्हणावे लागते. भारतीय रुग्णांत ज्यांचे नेत्रतंतू आणि मज्जारज्जू विशेषेकरून ग्रासलेले असत, त्यांच्यापैकी कित्येकांची व्याधी मुळात वेगळीच होती. 2004 साली अमेरिकेत वांदा लेनन व सहकाऱ्यांनी त्या व्याधीची खूण असलेले प्रतिपिंड शोधले, आणि रक्तातील त्या खुणेवरून दोन विकारांची खाती वेगळी करता येऊ लागली. वाडियांना 2012 साली पद्मभूषण मिळाले. 2016 साली ते निवर्तले, तोवर ही फाळणी मज्जाविकारतज्ज्ञांच्या नित्याच्या व्यवहारात रुळली होती.