हाजींची पेटी आणि तिच्यातला क्रम

वर्गात उर्दूतला 'तोशा' हा शब्द आला की मी मुलांना मराठीतला 'शिदोरी' सांगतो. हजच्या इतिहासात हा शब्द फार जुना आहे. येमेनचे काही लोक अल्लाहवर भरवसा आहे असे सांगून रिकाम्या हातांनी हजला निघत आणि मक्केत पोहोचल्यावर मागत फिरत, असे इब्ने अब्बास यांच्या हदीसमध्ये आले आहे. त्यावर कुरआनने शिदोरी सोबत घ्यायला सांगितले. म्हणजे सामान नीट बांधणे हाही यात्रेचाच भाग ठरला.

आपल्या मुंबईने हे शतकभर पाहिले. 1877 मध्ये इथे निघालेली जहाज कंपनी पुढे मोगल लाइन म्हणून ओळखली गेली. हिंदुस्थानभरचे हाजी आगगाडीने मुंबईत यायचे आणि क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यासारख्या ठिकाणी जहाजाची वाट पाहायचे. लालबाग-परळच्या गिरणी कामगाराचा संसार जसा एका पेटीत आणि एका वळकटीत मावे, तसाच यांचा प्रवासही.

पण पेटी कशीही भरून चालत नसे. मोठ्या पेट्या जहाजाच्या तळाशी जात. डेकवरच्या माणसाजवळ बिछान्यापुरतीच जागा. म्हणून वुजूचा लोटा, जानमाज, औषध हाताशी आणि पैशांचा कसा कमरेला. जुन्या काळी बहुतेकांचा शिधा आणि भांडीही बरोबर असत.

1865 मध्ये मक्केत कॉलरा पसरला आणि अंदाजे 15 हजार यात्रेकरू दगावले. त्यानंतर नियम कडक झाले. 1882 पासून तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर हिंदी हाजींना उतरवून क्वारंटाइनमध्ये ठेवू लागले. कपडे, बिछाने वाफेच्या यंत्रात घालून निर्जंतुक केले जात. बांधलेले सगळे सोडायचे आणि पुन्हा बांधायचे.

कामरान सोडले की यलमलमची मीकात. तिथे जहाजातच इहराम बांधायचा. पुरुषांच्या त्या दोन पांढऱ्या चादरी तळाच्या पेटीत राहिल्या तर ऐन वेळी काय करणार? जिद्दापासून मक्केपर्यंत उंट. उंटाच्या दोन्ही बाजूंना बसायचे पाळणे, त्यांना शुगदुफ म्हणत. एका बाजूला वजन जास्त झाले की पाळणा कलंडे. इथे सामानाचा हिशेब शेजारच्या माणसाच्या जिवाशी जोडलेला होता.

पेटीत आणखी एक कापड असे : कफन. परतीची खात्री नसल्याने अनेक जण ते घरूनच नेत. जे परतत, ते बहुधा तेच कफन जमजमच्या पाण्यात भिजवून, वाळवून परत आणत आणि शेवटच्या दिवसासाठी जपून ठेवत.

1995 मध्ये मुंबईहून हजची जहाजे थांबली. आता विमान काही तासांत पोहोचवते आणि बॅगेचे वजन काटा सांगतो. सोय वाढली, याचा आनंदच आहे. पण त्या हाजींना काय न्यायचे एवढेच ठरवून भागत नव्हते. कोणती वस्तू कोणत्या टप्प्यावर लागेल, याचा विचार करताना अख्खा रस्ता, आणि त्याचा शेवटही, घर सोडण्याआधीच त्यांच्या डोळ्यांसमोरून जात असे. मला वाटते, त्यांच्या हजची तयारी तिथेच सुरू होत होती.