सीएनसी राउटरची काटकोन जुळवणी

सीएनसी राउटरची काटकोन जुळवणी म्हणजे संगणकनियंत्रित राउटर यंत्राचे सरकण्याचे अक्ष परस्परांशी, आणि कटर फिरवणारा स्पिंडल त्या अक्षांशी, काटकोनात आणण्याची क्रिया होय. कारखान्यांत तिला 'स्क्वेअर करणे' असे म्हणतात. त्यातील केवळ स्पिंडलच्या जुळवणीला ट्रॅमिंग ही संज्ञा आहे. दरवाजे, देव्हारे, फर्निचर व नामफलक यांच्या कामात सपाट आणि गुळगुळीत पृष्ठभाग मिळणे मुख्यतः या जुळवणीवर अवलंबून असते.

दोषाची लक्षणे

सपाट तळाचा कटर लाकडावर समांतर पट्ट्यांत फिरवून पृष्ठभाग तासला जातो. स्पिंडल कललेला असल्यास प्रत्येक पट्टा किंचित तिरपा अथवा खोलगट निघतो. दोषाचे स्वरूप कलाच्या दिशेवरून ओळखता येते.

स्पिंडल कटरच्या वाटचालीच्या आडव्या दिशेने कललेला असेल, तर पृष्ठभागावर करवतीच्या दात्यांसारख्या एकाच बाजूस उतरणाऱ्या पायऱ्या दिसतात. तो वाटचालीच्या दिशेने पुढे किंवा मागे कललेला असेल, तर प्रत्येक पट्ट्यात उथळ पन्हळ तयार होते.

पायरीची उंची ही कलाचे प्रमाण व दोन पट्ट्यांमधील अंतर यांच्या गुणाकाराइतकी असते. उदाहरणार्थ, २०० मिमी अंतरावर ०.८० मिमी फरक असेल आणि पट्ट्यांमधील अंतर १५ मिमी असेल, तर पायरी ०.०६ मिमी होते. एवढी पायरी बोटाला जाणवते आणि पॉलिश चढवल्यावर अधिकच उठून दिसते. अंतर ५ मिमी केल्यास पायरी ०.०२ मिमीवर येते. मात्र कामाला सुमारे तिप्पट वेळ लागतो आणि मूळ दोष तसाच राहतो.

जुळवणीचा क्रम

प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर आधारलेला असल्याने क्रम महत्त्वाचा ठरतो.

१. सांगाडा: यंत्राचे पाय समपातळीत आणून सांगाड्यातील पीळ काढला जातो. सांगाड्याला पीळ असल्यास पुढील सर्व मापे फसवी ठरतात.

२. गॅन्ट्री: फळ्यावर १००० मिमी बाजूच्या चौरसाचे चार कोपरे छिद्रांनी आखून दोन्ही कर्ण मोजले जातात. काटकोन अचूक असल्यास दोन्ही कर्ण १४१४.२ मिमी भरतात. गॅन्ट्री १००० मिमीला १ मिमी तिरकी असेल, तर कर्णांत सुमारे १.४ मिमी फरक पडतो. लहान गुण्यापेक्षा कर्णाची पद्धत अधिक विश्वसनीय असते, कारण लांब मापात चूक मोठी होऊन दिसते.

३. स्पिंडल: वीजपुरवठा बंद ठेवून व कटर काढून स्पिंडलमध्ये आडवा दांडा बसवला जातो. त्याच्या टोकाला डायल गेज लावून स्पिंडल हाताने फिरवला जातो आणि डावी-उजवी तसेच पुढची-मागची मापे ताडून पाहिली जातात. फरक आढळल्यास स्पिंडलच्या पाठपट्टीमागे पातळ पत्र्याची शिम घालून किंवा बोल्ट सैल करून तो दूर केला जातो. बोल्ट आवळताना स्पिंडल पुन्हा हलू शकतो. म्हणून आवळल्यानंतर मापे पुन्हा घेतली जातात.

४. बेड: शेवटी बेडवरील एमडीएफचा फळा यंत्राच्याच कटरने तासला जातो. या फळ्याला स्पॉइलबोर्ड म्हणतात.

मापनातील एक चूक

बेड स्वतःच सपाट नसेल, तर डायल गेजच्या मापात स्पिंडलचा कल आणि बेडचा उंचसखलपणा एकत्र मिसळतात. हे टाळण्यासाठी बेडवर एकच धातूचा ठोकळा स्थिर ठेवला जातो. दांडा १८० अंशांत फिरवून गॅन्ट्री तेवढीच सरकवली जाते आणि गेजचे टोक दोन्ही वेळा ठोकळ्याच्या त्याच बिंदूवर टेकवले जाते. बिंदू एकच असल्यामुळे दोन मापांतील फरक हा केवळ स्पिंडलच्या कलाचा असतो.

बेड तासण्याची मर्यादा

बेड तासल्याने तो गॅन्ट्रीच्या हालचालीला समांतर होतो; स्पिंडलचा कल त्यामुळे जात नाही. उलट, कललेल्या स्पिंडलने तासलेल्या बेडवर पायऱ्याच उमटतात. मार्गदर्शक रुळांना पीळ असेल, तर तोच पीळ बेडवर उतरतो आणि कामाची जाडी सर्वत्र सारखी भरूनही तुकडा सपाट नसतो. खऱ्या सपाटपणाची कसोटी स्वतंत्रपणे घ्यावी लागते. जोसेफ व्हिटवर्थ या ब्रिटिश अभियंत्याने १८४० मध्ये ग्लासगो येथे तीन पाट आळीपाळीने एकमेकांवर घासून व खरवडून समतल साधण्याची रीत मांडली होती. दोन पाट एकमेकांत फुगीर-खोलगट जुळू शकतात, तीन मात्र केवळ सपाट असतानाच परस्परांशी जुळतात.

जमीन व हवामान यांचा परिणाम

सोलापूर जिल्ह्यात, विशेषतः दक्षिण सोलापूर तालुक्यातील मंद्रूपसारख्या गावांच्या परिसरात, काळी जमीन मोठ्या प्रमाणावर आहे. ही जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशा जमिनीवर पुरेसा पाया न घेता फरशी घातल्यास ती ऋतुमानानुसार वरखाली होते आणि तिच्यावर टेकलेल्या यंत्राच्या सांगाड्याला पीळ बसू शकतो. त्यामुळे उन्हाळ्यात केलेली जुळवणी पावसाळ्यात बिघडलेली आढळल्यास दोष प्रथम पायांच्या पातळीत शोधणे योग्य ठरते. स्पिंडलच्या शिम बदलणे हा त्यानंतरचा उपाय होय. दमट हवेत एमडीएफही फुगत असल्याने स्पॉइलबोर्ड ऋतू पालटल्यावर पुन्हा तासावा लागतो.

हे सुद्धा पहा

डायल गेज
मिलिंग यंत्र
सुतारकाम
काळी मृदा