शिक्षकपात्रता (नाशिक जिल्हा)

शाळेत शिक्षक म्हणून नेमणूक मिळण्यासाठी लागणारी पदविका किंवा पदवी आणि तिच्यापुढच्या पात्रता व अभियोग्यता चाचण्या यांचा या नोंदीत विचार केला आहे. किमान अर्हता देशभरासाठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद (एनसीटीई) ठरवते. प्रवेश, परीक्षा आणि भरती ही राज्याची कामे. कोणत्या इयत्तेला शिकवायचे, यावर उमेदवाराची वाट ठरते. पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरची पदविका (डी.एड.), नववी-दहावीसाठी पदवी आणि बी.एड., अकरावी-बारावीसाठी पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. सहावी ते आठवी या वर्गांवर पदवीधर डी.एड.वालेही चालतात आणि बी.एड.वालेही. बी.एड. ही वरची पदवी, तेव्हा तिच्यात खालचे सगळे आलेच, असा समज घरोघरी आहे; तो चुकीचा आहे.

प्राथमिक पदविका : एकेकाळी व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला मुलगा खेड्यात मास्तर होई आणि पुढे ट्रेनिंग कॉलेजला जाऊन येई. स्वातंत्र्यानंतर त्या जागी डी.एड. रूढ झाले. कागदोपत्री ते आधी डी.टी.एड. आणि आता डी.एल.एड. झाले असले, तरी नाशिकच्या बोलण्यात अजून डी.एड.च आहे. मुदत दोन वर्षे. प्रवेश बारावीच्या गुणांवर मिळतो. खुल्या प्रवर्गाला साधारण 50 टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना पाच टक्के सवलत असते. प्रवेशप्रक्रिया पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद राबवते आणि परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. जिल्ह्यात या अभ्यासक्रमाचे शैक्षणिक पालकत्व जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे (डाएट) आहे. 1986च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून अशा संस्था देशभर उभ्या राहिल्या. मालेगावात उर्दू माध्यमाची वेगळी सोय आहे. डी.एड. झाले की नोकरी पक्की, या भरवशावर विनाअनुदानित विद्यालयांचे पीक आले. पुढे 2012मध्ये भरती थांबली आणि विद्यार्थ्यांनी पाठ फिरवली. कित्येक विद्यालये बंद पडली. परवानग्या देताना जागा किती निघणार याचा हिशेब झाला असता, तर ही वेळ आली नसती.

बी.एड. : एनसीटीईच्या 2014च्या नियमांनी एक वर्षाचा हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला, 2015-16पासून त्याची अंमलबजावणी झाली. पदवीला किमान 50 टक्के गुण लागतात. अभियांत्रिकी पदवीधरांना 55 टक्के. राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तीत मानसिक क्षमता, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता यांवर प्रश्न असतात; इंग्रजी माध्यमाचे महाविद्यालय हवे असेल तर इंग्रजीची आणखी एक चाचणी. नाशिकमधील महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला संलग्न आहेत. 1914मध्ये स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाचे अॅड. विठ्ठलराव गणपतराव हांडे शिक्षणशास्त्र महाविद्यालय हे त्यांपैकी एक.

शिकण्याचा खरा भाग व्याख्यानांबाहेरच घडतो. सुरुवात सूक्ष्म अध्यापनाने होते : पाच-सात मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य, समोर विद्यार्थी म्हणून बसलेले आपलेच सहाध्यायी. फलकलेखनाचा पाठ असेल तर अक्षर सरळ ओळीत आहे का, लिहिताना वर्गाकडे पूर्ण पाठ होते का, एवढेच निरीक्षक पाहतो आणि शेरा लिहितो. मग तोच पाठ सुधारून पुन्हा घ्यायचा. त्यानंतर अनेक कौशल्ये एकत्र आणणारे सेतुपाठ, सरावपाठ आणि शाळेतली आंतरवासिता. ती दोन वर्षांत मिळून वीस आठवड्यांची असते. छात्राध्यापकाची पाठ टाचणवही आधी मार्गदर्शकाकडून सही होऊन यावी लागते. उद्दिष्टे, शैक्षणिक साधने, शिक्षककृती, विद्यार्थिकृती, मूल्यमापन असे रकाने भरताना रात्र जाते. प्रत्यक्षात पस्तीस मिनिटांच्या तासात पहिली दहा मिनिटे हजेरी आणि गोंगाट शमवण्यात गेली की ते टाचण कोलमडते, आणि मुलगा किंवा मुलगी शिक्षक व्हायला लागते ती तिथून. अशा गोष्टींना गुणपत्रिकेत रकाना नसतो.

नोकरीतील शिक्षकांसाठी नाशिकलाच वेगळा मार्ग आहे. गंगापूर धरणाजवळ गोवर्धन येथे मुख्यालय असलेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना 1989) दूरशिक्षणाने बी.एड. चालवते. आधी डी.एड. झालेला, शाळेत शिकवत असलेला शिक्षक हा त्याचा मुख्य विद्यार्थी. बारावी-डी.एड.वर लागून, नंतर बी.ए. आणि मग मुक्त विद्यापीठातून बी.एड. अशी चढण अनेक प्राथमिक शिक्षकांनी चढली आहे.

टीईटी : शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 रोजी लागू झाला आणि त्याच वर्षी 23 ऑगस्टच्या अधिसूचनेने पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा अनिवार्य झाली. राज्याची पहिली टीईटी डिसेंबर 2013मध्ये झाली. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. प्रत्येकी 150 गुण. उत्तीर्ण होण्यास 60 टक्के, राखीव प्रवर्गांना 55. केंद्राची सीटीईटीही ग्राह्य धरतात. प्रमाणपत्राची सात वर्षांची मुदत 2021मध्ये काढून ते आजीवन करण्यात आले. या परीक्षेतील गुणांच्या हेराफेरीचे प्रकरण 2021च्या अखेरीस उघडकीस आले आणि पुढल्या वर्षी सात हजारांहून अधिक परीक्षार्थींवर कारवाई झाली. प्रामाणिकपणे उत्तीर्ण झालेल्यांनाही त्यामुळे संशय सोसावा लागला.

टेट आणि पवित्र : टीईटी ही पात्रता, टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी ही गुणवत्ताक्रमाची परीक्षा. नावातल्या साम्यामुळे उमेदवारांचे पालक हमखास गोंधळतात. टेटचे गुण 200. तीत नापास कोणी होत नाही, फक्त मागे पडतो. ती पहिल्यांदा डिसेंबर 2017मध्ये झाली, नंतर थेट 2023मध्ये. तिच्या गुणांवर ‘पवित्र’ पोर्टलवरून जिल्हा परिषद, महापालिका आणि खासगी अनुदानित शाळांतील जागा भरतात. पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. 2023मध्ये प्राथमिकसाठी ते 6,000 वरून 16,000 रुपये झाले. सुरगाणा, पेठ यांसारख्या पेसा (अनुसूचित) क्षेत्रातील जागांवर स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांचा हक्क आहे.

न्यायालयीन निर्णय : एनसीटीईने 28 जून 2018 रोजी बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीची दारे उघडली होती. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 रोजी ती बंद केली. लहान मुलांना शिकवण्याचे शास्त्र निराळे आहे आणि बी.एड. त्यासाठी तयार करत नाही, असा त्याचा आशय. निकाल योग्यच म्हणावा लागेल. पहिलीतल्या मुलाला अक्षरओळख करून देणे हे दहावीला बीजगणित शिकवण्याहून सोपे काम नव्हे. त्याच न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025च्या निकालाने मात्र सेवेतल्या जुन्या शिक्षकांची झोप उडवली. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, त्याहून कमी उरलेल्यांनी सेवेत राहावे पण पदोन्नतीसाठी टीईटी द्यावी, असा आदेश आहे. अल्पसंख्याक संस्थांना ही सक्ती लागू होते का, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला.