तेरच्या पांढरीतल्या बाया

राजेरजवाड्यांच्या तसबिरी पुष्कळ पाहिल्यात. पण आपल्या खापरपणजीचे रूप कसे होते, हे पाहायचे कुठे? धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला चला. हेच जुने तगर. इथले कापड गाड्यांतून भडोचला जाई, अशी पहिल्या शतकातल्या एका ग्रीक ग्रंथात नोंद आहे. गोरोबाकाकांच्या कितीतरी आधी, सातवाहनकाळी, इथल्या कारागिरांनी दुहेरी साच्यातून मातीच्या बाया काढल्या. केसांची ठेवण, कानांतले, गळ्यातले, सारे निरखून केलेले. रंगचित्रही याहून बोलके नसेल! पण पांढरीची माती गावोगाव शेतात खत म्हणून पडते. तिच्याबरोबर असले तुकडेही मातीमोल होतात. तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी ते वेचून जपले. गावातल्या शासकीय संग्रहालयाला आज त्यांचेच नाव आहे. गुरुजी, मुलांना घेऊन जाच.