झरीची परिषद आणि वैद्यकाची जागा

पालघर जिल्ह्यातील तलासरी तालुक्यात झरी नावाचे खेडे आहे. २३ मे १९४५ रोजी तेथे किसान सभेच्या पुढाकाराने परिषद भरली आणि हजारो वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. लग्नापुरते थोडे रुपये उचलून नवरा-बायकोने सावकाराच्या दारी जन्म घालवावा, अशा ‘लग्नगड्यां’चा तो काळ. उचल किती व फिटली किती, हे सावकाराने सांगावे आणि वारल्याने मानावे. हिशेब पडताळण्यापुरतीही विद्या त्याच्यापाशी नव्हती. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथामुळे ही हकीकत वाचकांस परिचित आहेच.

१९५० साली अनुसूचित जमातींची यादी निघाली, तीत वारली आले. पुढे महाराष्ट्रात उच्च शिक्षणाच्या शेकडा सात जागा या जमातींकरिता राखून ठेवण्यात आल्या. परंतु राखीव जागेस दाखला लागतो, आणि कचेरीतला कागद ज्यास लिहितावाचता येते व चार ओळखी असतात त्यासच आधी मिळतो. त्यातून १९७६ च्या कायद्याने जमातींवरील प्रादेशिक मर्यादा बहुतांशी उठली. हेतू रास्तच होता. पण नामसादृश्यावर हक्क सांगणारे त्यानंतर पुष्कळ पुढे आले. त्या सर्वांसच लबाड म्हणणे अन्यायाचे होईल. काहींची आपल्या कुळाविषयी खरोखरच तशी समजूत होती.

वैद्यकीय प्रवेशाचे असेच एक प्रकरण १९९४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले. दावा महादेव कोळी असल्याचा. वडिलांच्या शाळेच्या जुन्या नोंदीत मात्र ‘हिंदू कोळी’. न्यायालयाने दावा फेटाळला आणि पडताळणी समित्या व दक्षता पथके नेमण्याची रीत घालून दिली. दैवते कोणती, लग्नविधी व मर्तिकाचे आचार कोणते, याचीही विचारपूस व्हावी असे ठरले. (हे सारे पुस्तकातून पाठ करता येते, ही गोष्ट वेगळी!) २००१ साली महाराष्ट्राने कायदाच केला, खोट्या दाखल्यावर मिळविलेली पदवी रद्द करण्याची तरतूद तीत आहे.

तथापि त्याच्या आदल्याच वर्षी, २८ नोव्हेंबर २००० रोजी, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हलबा-कोष्टी हे हलबा नव्हेत असे ठरवूनही संबंधित विद्यार्थ्याचा वैद्यकीय प्रवेश कायम ठेवला. पंधरा वर्षे लोटली होती, शिक्षणावर सरकारचा पैसा खर्ची पडला होता, आता पदवी काढून कोणाचा लाभ, असा विचार त्यात होता. तो दयेचा होता यात संशय नाही. परंतु ही दया ज्याच्या पदरची होती त्याला कोणी विचारले नव्हते. पुढे या निकालाचा आधार घेऊन नोकऱ्या व पदव्या राखण्याची वहिवाटच पडली. ६ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मोडली आणि खोट्या दाखल्याचा लाभ परत घेतलाच पाहिजे असे सांगितले.

२००० सालच्या त्या खटल्यात एका बाजूस महाराष्ट्र सरकार होते व दुसऱ्या बाजूस पदवी मिळालेला तरुण. ज्या आदिवासी मुलाची वा मुलीची ती जागा गेली, ती व्यक्ती पक्षकार नव्हती.