उडवायचं की ठेवायचं?

तुमची एखादी पोस्ट अचानक गायब होते. ती कुणी काढली? पुष्कळदा माणसानं नाही, तर एका प्रोग्रामनं. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे मला या प्रोग्राममधली एकच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटते. मजकूर बेकायदा आहे की नाही हे नक्की कळत नसेल, तर काय करायचं? उडवायचं की ठेवायचं? ती ओळ इंजिनियर लिहितो, पण उत्तर कायदा ठरवतो. कंपनीला शिक्षा कशाबद्दल होऊ शकते, त्यावर सगळं अवलंबून असतं. आणि प्रत्येक देशाचं उत्तर वेगळं आहे, कारण प्रत्येकाला ठेच वेगळ्या ठिकाणी लागली.

पहिली ठेच अमेरिकेला. १९९०च्या आसपास तिथे कॉम्प्युसर्व्ह आणि प्रॉडिजी या दोन ऑनलाइन सेवा जोरात होत्या. कॉम्प्युसर्व्हवर बदनामीचा दावा झाला, तेव्हा १९९१ मध्ये कोर्ट म्हणालं की ही कंपनी मजकूर आधी वाचतच नाही, ती पुस्तकांच्या दुकानासारखी आहे. तिला जबाबदार धरता येणार नाही. प्रॉडिजीचं उलट होतं. घरातल्या सगळ्यांना बिनधास्त वापरता यावं म्हणून ती शिवीगाळ गाळायची, नियम लावायची. १९९४ मध्ये तिच्या एका बोर्डावर कुणीतरी निनावी लिहिलं की स्ट्रॅटन ओकमाँट ही शेअर दलालांची कंपनी फसवणूक करते. दलालांनी दावा ठोकला. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टानं ठरवलं की प्रॉडिजी मजकुरावर नजर ठेवते, म्हणजे ती वर्तमानपत्रासारखी प्रकाशक आहे. ‘द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट’ हा सिनेमा ज्या कंपनीवर निघाला, ती हीच! तिच्या कर्त्याधर्त्यांनी पुढे फसवणुकीचा गुन्हा कबूलही केला.

दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहा. झाडू हातात घेतलात तर अडकाल, डोळे मिटून बसलात तर सुटाल. हा उफराटा न्याय मोडायला ख्रिस कॉक्स हा रिपब्लिकन आणि रॉन वायडन हा डेमोक्रॅट खासदार एकत्र आले आणि १९९६ मध्ये कलम २३० आलं. कॉपीराइट, केंद्रीय गुन्हे असे अपवाद सोडले, तर लोकांचा मजकूर ठेवला तरी कंपनी दोषी नाही, आणि चांगल्या हेतूनं काढला तरी नाही. म्हणजे अमेरिकेचं उत्तर : तुमची मर्जी.

या मर्जीची किंमतही लगेच दिसली. १९९५च्या ओक्लाहोमा सिटी बॉम्बस्फोटाची टर उडवणाऱ्या टी-शर्टांची जाहिरात कुणीतरी एओएलवर टाकली आणि खाली एका निरपराध माणसाचा फोन नंबर दिला. त्याला धमक्यांचे फोनवर फोन आले. त्यानं एओएलला कळवलं, तरी तशा जाहिराती पुन्हा पुन्हा येत राहिल्या. १९९७ मध्ये कोर्टानं सांगितलं की कळवल्यानंतरही कंपनी जबाबदार नाही.

भारताची ठेच अटकेची. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. २००४ मध्ये बाझी डॉट कॉम या साइटवर एका विद्यार्थ्यानं आक्षेपार्ह क्लिप विकायला ठेवली. ती साइटवरून काढली गेली, तरी डिसेंबरमध्ये साइटच्या प्रमुखालाच अटक झाली. उद्योगजगत हादरलं. २००८च्या दुरुस्तीनं कलम ७९ बदललं आणि प्लॅटफॉर्मना संरक्षण मिळालं, पण अटींसह. २०११च्या नियमांनुसार कुणीही बाधित माणसानं लेखी तक्रार केली, की ३६ तासांत हालचाल करायची. इथे इंजिनियर काय लिहील? ‘शंका आली तर उडवा.’ बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीनं हे तपासून पाहिलं. त्यांनी सात कंपन्यांना मुद्दाम सदोष नोटिसा पाठवल्या. सातपैकी सहांनी गरजेपेक्षा जास्त मजकूर काढून टाकला.

मग पालघर. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली. त्यावर एका तरुणीनं फेसबुकवर लिहिलं, तिच्या मैत्रिणीनं लाइक केलं आणि दोघींना अटक झाली. श्रेया सिंघल या विद्यार्थिनीनं सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. २४ मार्च २०१५ रोजी कलम ६६अ रद्द झालं, हे बऱ्याच जणांना आठवतं. त्याच निकालातला दुसरा भाग मात्र कमी लोकांना माहीत असतो. लाखो तक्रारींतली कुठली खरी हे कंपनीनं ठरवावं, अशी अपेक्षा चुकीची आहे, असं न्यायालयानं म्हटलं. कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आला, तरच मजकूर काढण्याची सक्ती. एका निकालानं कोडमधलं उत्तर ‘उडवा’वरून ‘ठेवा’ झालं.

जर्मनी उलट दिशेनं गेली. नाझी इतिहासामुळे तिथे द्वेष भडकवणं हा गुन्हाच आहे. २०१७च्या कायद्यानं उघड बेकायदा पोस्ट तक्रारीनंतर २४ तासांत काढायला सांगितलं. यंत्रणा कुचकामी ठरली तर दंड ५ कोटी युरोंपर्यंत होता. चुकून जास्त काढलं तर दंड नव्हता. कायदा पूर्ण लागू झाला त्याच आठवड्यात, जानेवारी २०१८ मध्ये, ‘टायटॅनिक’ या विनोदी मासिकाचं ट्विटर खातं बंद पडलं. मासिकानं एका नेत्याच्या द्वेषपूर्ण बोलण्याची नक्कल केली होती. नक्कल आणि द्वेष यांतला फरक घाईत कळत नाही.

यातून शिकून युरोपीय संघानं २०२२ मध्ये डिजिटल सर्व्हिसेस अ‍ॅक्ट आणला. दंड जागतिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत जातो, पण मला मोलाचं वाटतं ते वेगळं. पोस्ट काढली तर कंपनीनं ती लिहिणाऱ्याला कारण सांगायचं आणि दाद मागायला वाट ठेवायची. उडवायचं की ठेवायचं, याच्या जोडीला तिसरा प्रश्न आला : सांगायचं की नाही?

या तिसऱ्या प्रश्नावर भारत अर्ध्या वाटेवर उभा आहे. २०२१च्या नियमांनुसार ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या कंपनीनं स्वतःहून पोस्ट काढली, तर तिला कारण कळवावं लागतं. पण सरकारनं कलम ६९अ खाली ब्लॉक करायला लावलं, तर २००९च्या नियमांनी ती कारवाई गोपनीय ठेवली आहे. केंद्र सरकारबद्दलची माहिती खोटी आहे की खरी, हे सरकारच्याच तपासणी कक्षानं ठरवावं, अशीही तरतूद २०२३ मध्ये आली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती घटनाबाह्य ठरवली.

म्हणून पुढच्या वेळी ‘ही पोस्ट भारतात उपलब्ध नाही’ असं दिसलं, तर कंपनीला शिव्या घालण्याआधी बघा : कुणाच्या सांगण्यावरून आणि कुठल्या कलमाखाली, हे तिथे लिहिलंय का? कारणच कळलं नाही, तर कोर्टात जाऊन विरोध करायचा तरी कशाला?