ग्रामजोशाची पत

मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा या नावाचा एक खडक आहे. त्यावर गणपती, शिवलिंग आणि चंद्रसूर्य कोरलेले आहेत. इ. स. १६६४ च्या नोव्हेंबरच्या २५ तारखेस येथे यथाविधी पूजा होऊन समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले, आणि तो मुहूर्त येथील वैदिक ब्राह्मणांच्या अनुमतीने साधला गेला, असे परंपरा सांगते. समुद्रावर सत्ता हवी तर आरमार हवे, हे ज्या राजाला उमगले होते, त्याच्या दुर्गाचा आरंभही शुभ घटिका पाहून झाला. तेव्हा ज्योतिषावरील विश्वास हा केवळ अडाण्यांचा दोष होता, असे म्हणून चालणार नाही. तो विश्वास जोशाला मिळाला कोठून, आणि त्याचा व्यय त्याने कसा केला, हाच खरा प्रश्न आहे.

विश्वास मिळण्यास सबळ कारण होते. पंचांग हा जोशाचा ग्रंथ, आणि त्यातील पुष्कळ गोष्टी नित्य खऱ्या ठरत. आमच्या गाबितांना तिथीवाचून एक दिवस चालत नाही. पौर्णिमा-अमावास्येस उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीच्या वेळेचा अदमास येतो. चतुर्थीस सुमारे तीन वाजता, पौर्णिमेस सुमारे सव्वाअकराला. हा हिशेब रापण ओढणारा प्रत्येक जण डोळ्यांनी पडताळून पाहतो. ग्रहण सांगितल्या दिवशी लागे आणि सांगितल्या सुमारास सुटे. चंद्रसूर्याविषयी ज्याचे बोलणे खरे ठरते, त्याचे शनि-मंगळाविषयीचे बोलणे खोटे असेल, अशी शंका भोळ्या मनास कशी यावी?

आपल्या पूर्वजांनी या शास्त्राचे गणित, संहिता आणि होरा असे तीन स्कंध मानले आहेत. दापोलीजवळच्या मुरूड गावी जन्मलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी इ. स. १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिःशास्त्र' या ग्रंथात त्यांचा इतिहास विस्ताराने दिला आहे. पहिल्या स्कंधाने मिळवलेली पत तिसऱ्याने खर्चावी, हा सारा व्यवहार आहे. या दोहोंतील भेद एका गोष्टीवरून कळतो. जुन्या पंचांगाचे गणित आकाशाशी जुळेना, तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी इ. स. १८६५ पासून सुधारलेले पटवर्धनी पंचांग काढले. गणितात चूक उघडी पडते, म्हणून ती दुरुस्तही होते. भाकीत चुकले तर मात्र शांतीत काही उणे राहिले, जन्मवेळ चुकली होती, किंवा पूर्वकर्म बलवत्तर होते, असे सांगता येते. ज्या विधानास खोटे पडण्याची वाटच नाही, त्याचा कर्ता कधी दिवाळखोर होत नाही.

या व्यवहारावर फसवणुकीचा उघड आरोप महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी केला. इ. स. १८५५ मध्ये त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. त्यात एका कुणब्याची बायको गरोदर आहे. दारी आलेला जोशी पोटातल्या मुलास ग्रहांची पीडा असल्याचे भय घालतो आणि तिच्या निवारणार्थ अनुष्ठान व ब्राह्मणभोजन यांवर त्या गरिबांकडून खर्च करवितो. शेवटी त्या जोडप्यास शिक्षणाची गरज पटते; नाटकाच्या नावातील तिसरे रत्न म्हणजे तिसरा डोळा, म्हणजेच विद्या. दक्षिणा प्राइज कमिटीने हे नाटक नाकारल्याचे फुल्यांनी पुढे 'गुलामगिरी'त नमूद केले आहे. ते पहिल्यांदा छापले गेले ते इ. स. १९७९ मध्ये, म्हणजे सव्वाशे वर्षांनी.

या नाटकातील मर्म नीट पाहिले पाहिजे. बळी निवडला आहे तो गर्भवतीचा. पोटातल्या जिवाविषयीचे भय खोटे ठरविण्याचे धाडस कोणती आई करील? जोशी ठीक तेथेच बोट ठेवतो. भय सांगणाराही तोच आणि उपाय विकणाराही तोच. वैद्यही रोग सांगतो आणि औषधही देतो, असा आक्षेप येथे कोणी घेईल. परंतु वैद्याचे निदान दुसरा वैद्य तपासू शकतो, आणि रोग्याचे बरेवाईट सर्वांसमोर दिसते. मूल सुखरूप जन्मले तर ते अनुष्ठानाने की निसर्गाने, याची परीक्षा मात्र कोणी कशी करावी?

फुल्यांवर अतिशयोक्तीचा दोष ठेवला जातो, आणि तो अगदीच निराधार नाही. कित्येक ग्रामजोशी दरिद्री होते. स्वतःच्या मुलांच्या पत्रिका पाहून तेही घाबरत आणि स्वतःच्या घरीही शांती करीत. जो स्वतः फसलेला आहे त्यास ठक कसे म्हणावे? कायद्यापुढेही हीच अडचण उभी राहते. इ. स. १८६० च्या दंडसंहितेत ठकवणुकीच्या गुन्ह्यास अप्रामाणिक हेतू आवश्यक धरला होता, इ. स. २०२४ च्या जुलैपासून तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेतही ते तत्त्व कायम आहे. श्रद्धेने सांगितलेले खोटे या व्याख्येतून निसटते.

पण फुल्यांचा रोख एका माणसावर नसून व्यवस्थेवर होता, आणि तेथे त्यांची बाजू भक्कम आहे. जोशीपण हे वंशपरंपरागत वतन होते. यजमानाने दुसऱ्याकडून कार्य करून घेतले तरी ग्रामजोशी आपल्या हक्काचे पैसे मागे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या उच्च न्यायालयाने असे हक्क मान्यही केले. विश्वास उडाला तरी देणे चुकत नसे. हा पाश सुटला तो इ. स. १९२६ मध्ये. सीताराम केशव बोले यांच्या खटपटीने मुंबई कायदेमंडळात कायदा झाला आणि न केलेल्या कार्याची दक्षिणा मागण्याचा अधिकार संपला. रत्नागिरी जिल्ह्यातील, म्हणजे तेव्हाच्या मालवणातीलही, कुळांना त्याने मोकळा श्वास घेता आला.

सक्ती गेली, भय मात्र गेले नाही. इ. स. २००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक परीक्षा घेतली. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिकांपैकी प्रत्येक ज्योतिष्यास ४० देऊन कोणती कोणाची हे ओळखण्यास सांगितले. २७ जणांची उत्तरे आली. सरासरीने शेकडा ४६ बरोबर. नाणे उडवून शेकडा ५० यावयास हवी होती. या प्रयोगातील एक सहकारी नरेंद्र दाभोलकर यांचा इ. स. २०१३ च्या ऑगस्टमध्ये खून झाला, आणि ज्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला.

कायदा उघड ठकास पकडील. कुणब्याच्या बायकोच्या मनातील भयास तो पकडू शकणार नाही. ते काम फुल्यांनी विद्येकडे सोपविले होते, आणि आमच्या किनाऱ्यास ती विद्या परकी नाही. भरतीचा हिशेब जमला नाही तर येथील गाबीत पंचांगावर रुसत नाही. तो पाण्याकडे पाहतो आणि होडी थांबवतो. तीच कसोटी त्याने घरी, पत्रिकेपुढे बसतानाही लावावी, एवढेच मागणे आहे.